पोर्टलवर मार्क नाहीत, शिक्षकांचं उत्तर नाही: आता करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत आहे, शाळेच्या पोर्टलवर मार्क तीन-तीन चार-चार आठवडे चढत नाहीत. विज्ञानाच्या दोन असाइनमेंट दिल्यात असं मुलगी सांगते पण पोर्टलवर 'मिसिंग' दिसतंय, सरांना दोन मेल केले त्यातल्या एकाला उत्तर नाही आणि दुसऱ्याला 'बघतो' एवढंच आलं. टर्म संपायला महिना राहिलाय. मागच्या टर्मला बरेचसे मार्क शेवटच्या आठवड्यात एकदम पडले आणि तेव्हा कळलं की पोरगी मागे पडलीये. तर आता थेट मुख्याध्यापकांकडे जावं का, आणि गेलं तर मुलीवर राग निघेल का, असं तिच्या आईने विचारलंय.

मी बरीच वर्षं माध्यमिकला भाषा शिकवतेय, मधली काही वर्षं परीक्षा विभागाचं कामही बघितलं, म्हणजे उशिरा मार्क देणारे शिक्षक आणि त्यांच्यावर चिडलेले पालक असे दोघंही माझ्याच टेबलापाशी यायचे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

ताई, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. काम सरांपर्यंत पोचलं की नाही ही एक. त्याला मार्क किती पडले ही दुसरी. आणि मुलीला विषय समजतोय का, ती वर्गाबरोबर आहे का, ही तिसरी. तुम्हाला झोप लागत नाही ती तिसरीमुळे, पण तुम्ही पोर्टलवर शोधताय दुसरी, आणि तातडीची आहे पहिली. पोर्टल बघून तिन्हींची उत्तरं मिळतील असं वाटतं पण पोर्टल धड फक्त दुसऱ्याचं उत्तर देतं, तेही उशिरा. ह्या तीन गोष्टी सुट्या केल्या की निम्मी भांडणं तिथेच संपतात असा माझा अनुभव आहे, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर शिक्षक उभ्याउभ्या देऊ शकतात, दुसऱ्याला खरंच वेळ लागतो, आणि तिसऱ्यासाठी बरेचदा शिक्षकांकडे जायचीही गरज नसते.

आधी उशिराबद्दल. ओईसीडी ह्या बहुतांशी श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने २०१३ मध्ये बऱ्याच देशांतल्या शिक्षकांचं सर्वेक्षण केलं होतं, त्यात आठवड्याच्या साधारण ३८ तासांपैकी १९ तास शिकवण्यात, ७ तयारीत आणि ५ तास तपासण्यात जातात असं सरासरी चित्र निघालं. आता पाच तुकड्या, प्रत्येकीत ४० मुलं धरा, म्हणजे २०० पेपर. एकाला सहा मिनिटं लावली, जी निबंधाला अजिबात पुरत नाहीत, तरी झाले २० तास. आठवड्याला ५ तासांनी भागलं की चार आठवडे. म्हणजे शिक्षक चार आठवडे तुमचा पेपर उशाला घेऊन झोपत नाहीयेत, गणितच तसं बसतं. मधल्या काळात पुढची असाइनमेंट येऊन पडलेली असते, ती वेगळीच.

शिवाय तपासण्याची पद्धत. मी कधीच एक अख्खा पेपर, मग दुसरा अख्खा पेपर असं तपासत नाही, आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं जाते. कारण सलग तपासताना हात सैल होतो किंवा आवळतो, सकाळी तपासलेल्याला एक न्याय आणि रात्री अकराला तपासलेल्याला दुसरा असं व्हायला लागतं. ही काही माझी एकटीची भीती नाही, अमेरिकेत स्टार्च आणि एलियट ह्या दोघा संशोधकांनी १९१२ मध्ये एकच इंग्रजीचा पेपर शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतला होता तर मार्क ६४ पासून ९८ पर्यंत कुठेही पडले. पेपर तोच! प्रश्नवार तपासलं की निदान एकाच शिक्षकाच्या हातून होणारा फरक बराच आटोक्यात येतो, पण त्याचा परिणाम असा की गठ्ठा ऐंशी टक्के तपासून झाला तरी एकाही मुलाची बेरीज तयार नसते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही.

आणखी दोन कारणं, जी पालकांना कुणी सांगत नाही. परीक्षेला काही मुलं गैरहजर असतात, त्यांची फेरपरीक्षा होईपर्यंत पेपर वाटता येत नाहीत, नाहीतर प्रश्न फुटतात. आणि काही शाळांत दुसरे शिक्षक काही पेपर उचलून पडताळून बघतात, तोवर मार्क जाहीर करायचे नाहीत असा नियम असतो.

हे सगळं खरं असलं तरी सगळा उशीर असा सोज्वळ नसतो. काही शिक्षक अव्यवस्थित असतात, काही टाळतात, काहींना पोर्टलचा कंटाळा आहे म्हणून ते टर्मच्या शेवटी एकदाच बसून सगळं भरतात. मी ह्या लोकांबरोबर काम केलंय. त्यामुळे उशीर रास्त आहे की नाही हे ओळखायला मी एकच कसोटी लावते: त्याच प्रकारची पुढची परीक्षा किंवा असाइनमेंट यायच्या आधी मागची हातात आली का? छोटी चाचणी असेल तर आठवडाभरात यायला हवी. लांब निबंध, प्रोजेक्ट, प्रयोगाचा अहवाल असेल तर दोन-तीन आठवडे लागू देत. पण दुसरा अहवाल लिहायची वेळ आली आणि पहिला अजून आलेलाच नाही, तर मुलीने पहिल्यात केलेली चूक दुसऱ्यात परत होणारच, मग त्या तपासण्याचा उपयोग फक्त मार्कांपुरता. तुमच्या केसमध्ये चार आठवडे जात असतील आणि मध्ये पुढचं काम दिलं जात असेल तर तो उशीर जास्त आहे, हे मी शिक्षिका असून म्हणतेय.

आता पोर्टल. पोर्टलवर जे दिसतं ते आहे तसं खरं मानू नका, ते कसं भरलं जातं हे आधी कळायला हवं. बहुतेक शिक्षक मार्क आधी स्वतःच्या रजिस्टरमध्ये किंवा एक्सेलमध्ये लिहितात, आणि पोर्टलवर चढवणं हे वेगळं काम म्हणून नंतर करतात. म्हणजे मार्क तयार असतात पण तुम्हाला दिसत नाहीत. गूगल क्लासरूमसारख्या ठिकाणी तर शिक्षकांनी आकडा भरला तरी काम 'रिटर्न' करेपर्यंत तो मुलांना दिसत नाही. म्हणून मुलीने वर्गात जाऊन 'सर, माझे मार्क रजिस्टरला आहेत का' असं विचारलं तर जे तुम्हाला चार आठवड्यांनी कळलं असतं ते तिला मधल्या सुट्टीत कळेल.

'मिसिंग'चंही तसंच. हा शब्द बहुतेक वेळा कुणी माणूस टाकत नाही, शेवटची तारीख उलटली की सिस्टीम आपोआप टाकते. मुलीने काम वहीत करून दिलं असेल, किंवा फाइल अपलोड केली पण सबमिटचं बटण दाबायचं राहिलं, किंवा दुसऱ्याच असाइनमेंटखाली चिकटवली, किंवा काही पोर्टलवर उशिरा दिली आणि सरांनी अजून बघितलीच नाही, तरी 'मिसिंग'च दिसू शकतं. त्यामुळे 'मिसिंग' बघून मुलगी खोटं बोलतेय असं समजू नका, आणि सर बेजबाबदार आहेत असंही लगेच समजू नका. आधी तिच्या शेजारी बसून तिच्याच लॉगिनमधून ती असाइनमेंट उघडा. तुमच्या लॉगिनमधून नाही, कारण पालकांना बऱ्याच गोष्टी दिसतच नाहीत. फाइल लागलीये का, कधी लागलीये, सबमिट झालंय का. वहीत दिलं असेल तर वही कुठे आहे. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि अशा तक्रारींतल्या कितीतरी मी इथेच मिटलेल्या बघितल्यात.

टक्केवारीबद्दल थोडं, कारण खरी घबराट तिथून होते. रिकामी जागा आणि शून्य ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा चार कामांत ८०-८० मार्क आहेत आणि पाचवं रिकामं आहे, तर सरासरी ८० दिसते. त्याच रिकाम्या जागी शून्य टाकला की सरासरी ६४ होते. काही शिक्षक मुलांना जाग यावी म्हणून काम येईपर्यंत मुद्दाम शून्य टाकून ठेवतात, मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही कारण मुलं जागी व्हायच्या ऐवजी हातपाय गाळतात, पण चालतं हे बऱ्याच ठिकाणी. म्हणून सरासरी अचानक कोसळलेली दिसली तर आधी शून्य शोधा, आणि तो खरा शून्य आहे की जागा धरून ठेवलेला आहे ते विचारा.

दुसरं म्हणजे भारांक. समजा शाळेत चाचण्यांना ६० टक्के, गृहपाठाला २० आणि प्रोजेक्टला २० असं वजन आहे. टर्मच्या सुरुवातीला फक्त गृहपाठ तपासून झालाय, त्यात ९० आहेत, तर अनेक सॉफ्टवेअर एकूण ९० टक्के दाखवतात कारण बाकीचे रकाने रिकामे असल्याने त्यांना ते धरतच नाहीत. मग चाचणीचे ५५ चढले की एका रात्रीत एकूण ६४ च्या आसपास येतं. मुलगी एका रात्रीत घसरलेली नाही. ती आधीही ९० वाली नव्हती. तुम्ही म्हणता मागच्या टर्मला शेवटच्या आठवड्यात एकदम कळलं, तर मला दाट शंका आहे की साधारण असंच काहीतरी झालं असणार, महिनाभर गृहपाठाचे गोड आकडे बघितले आणि मग चाचण्या चढल्या. मागच्या टर्मचे मार्क उघडून कुठला आकडा कधी चढला ते बघा, तारखा बहुतेक पोर्टलवर असतात.

त्यामुळे रोज पोर्टल उघडू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मुलीला शेजारी बसवून. रोज उघडणाऱ्या घरांत दोन गोष्टी होतात, एकतर पालकांना अर्धवट आकड्यांवरून रोज नवा झटका बसतो, आणि दुसरं म्हणजे मूल अभ्यासाबद्दल बोलायचंच बंद करतं, कारण घरात पाऊल टाकलं की 'त्याचे किती पडले' हाच प्रश्न.

आता तिसरी गोष्ट, मुलगी मागे पडतेय का. हे कळायला मार्क लागत नाहीत. तिला सांगा, ह्या आठवड्यात विज्ञानात जे झालं त्यातलं एक मला पुस्तक मिटून समजावून सांग. तुम्हाला विज्ञान येत नसेल तर उत्तमच, तुम्ही मधेमधे 'म्हणजे काय' विचारा. जिथे ती अडखळते, चिडते किंवा 'ते तसंच असतं गं आई' म्हणते तिथे भोक आहे. मग जुने तपासलेले पेपर बघा, पण मार्क झाकून, फक्त लाल शेरे. तोच शेरा दोन-तीन ठिकाणी आला असेल, एकक लिहिले नाही, आकृतीला नावं नाहीत, कारण द्या विचारलं तिथे नुसती व्याख्या, तर तुम्हाला पोर्टलपेक्षा जास्त कळलं.

ह्यामागे संशोधनही आहे. रूथ बटलर ह्या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांचा १९८८ चा एक प्रयोग शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगितला जातो. काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरे मिळालेल्या मुलांची. गंमत म्हणजे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा विशेष फायदा झाला नाही, मार्क दिसले की मुलं शेरा वाचतच नाहीत. मी वर्गात रोज बघते हे, पेपर हातात पडला की आधी वरचा कोपरा, मग शेजाऱ्याचा वरचा कोपरा, आणि मग पेपर दप्तरात. म्हणून शिक्षकांशी बोलायची एकच संधी मिळणार असेल तर 'मार्क कधी चढणार' ह्यावर ती घालवू नका, 'तिने आधी काय सुधारावं' हे विचारा.

आता मेल. तुम्ही काय लिहिलं होतं ते तुम्ही सांगितलं नाही, पण उत्तर न येणारे मेल साधारण कसे असतात ते मला माहितीये. ते लांब असतात, त्यात चार प्रश्न असतात, एक मुलीबद्दल, एक पोर्टलबद्दल, एक मागच्या टर्मबद्दल, आणि शेवटी 'हे असं का होतं' असा एक, ज्याला उत्तरच नाही. शिक्षक असा मेल दोन तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांत उघडतात, ह्याला नीट बसून लिहावं लागेल असं म्हणतात, आणि संध्याकाळपर्यंत तो तीस मेलखाली गेलेला असतो. मुद्दाम टाळणारेही असतात, पण हे जास्त होतं. ज्या मेलचं उत्तर एका ओळीत देता येतं त्याचं उत्तर येतं.

म्हणून असं लिहा:

'नमस्कार सर, मी अमुकची आई, नववी ब. तिच्या दोन असाइनमेंट पोर्टलवर मिसिंग दिसतायत, अमुक तारखेचा प्रयोग अहवाल आणि अमुक धड्याची प्रश्नावली. पहिली तिने वहीत दिली आहे, दुसरी अमुक तारखेला अपलोड केली आहे, स्क्रीनशॉट जोडलाय. ह्या तुमच्यापर्यंत पोचल्या आहेत का एवढं कळवाल का? नसतील तर ती परत कधीपर्यंत देऊ शकते? सोमवारी ती तुम्हाला प्रत्यक्षही भेटेल.'

बस. मागच्या टर्मचा उल्लेख नाही, 'मी आधीही दोनदा लिहिलं होतं' नाही, मुख्याध्यापकांना कॉपी नाही. पहिल्याच मेलला वरच्यांना कॉपी लावली की शिक्षक मुलीचा विचार सोडून स्वतःचा बचाव लिहायला घेतात, मीही तेच करेन. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच शिक्षकांना मेल लिहायचा कंटाळा असतो पण समोर आलेल्या मुलीला ते लगेच सांगून टाकतात.

आणि खरं म्हणजे नववीच्या मुलीने आधी स्वतः विचारावं, मग आईने. लहान वर्गांत पालकांनीच बोलायचं, पण ह्या वयात ती सरांसमोर उभी राहून 'माझं काम पोचलं का' विचारू शकली पाहिजे, पुढे तिला हेच करायचंय. ह्याला अपवाद आहेत. मूल दीर्घ आजारातून परत आलं असेल, त्याला शिकण्यातली काही अडचण असेल, किंवा त्या शिक्षकांची खरोखर भीती बसली असेल तर पालकांनीच पुढे व्हायचं, तिथे स्वावलंबनाचे धडे नकोत. तुमच्या मुलीचं काय आहे ते तुम्हालाच माहीत. ती 'मी नाही विचारणार' म्हणत असेल तर का, हे आधी शांतपणे काढून घ्या. कधीकधी कारण साधं असतं, काम दिलेलंच नसतं. तसं निघालं तर ओरडू नका प्लीज, कारण पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही.

मेल केल्यावर किती थांबायचं? शाळेचे तीन-चार कामाचे दिवस. परीक्षा चालू असतील किंवा निकालाचा आठवडा असेल तर आठवडाभर. मग त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण. तरी काही नाही तर शाळेत फोन करून दहा मिनिटांची वेळ मागा, किंवा वर्गशिक्षकांना सांगा. वर्गशिक्षक हा मधला दरवाजा पालक विसरतात आणि थेट वर जातात. वर्गशिक्षक स्टाफरूममध्ये त्याच सरांच्या शेजारी बसलेले असतात, 'अहो त्या पोरीचं जरा बघा ना' एवढ्या एका वाक्यावर काम होतं, कुणाच्या फायलीत काही जात नाही.

त्यानंतरही ढिम्म, तर मुख्याध्यापक. तिथे जायला कचरू नका, ते तुमचं कामच आहे पालक म्हणून. पण रिकाम्या हाताने आणि विशेषणं घेऊन जाऊ नका. 'ते सर काहीच करत नाहीत' ह्यावर मुख्याध्यापक शिक्षकाची बाजू घेणार, त्यांना घ्यावीच लागते. 'ह्या तारखेला काम दिलं, ह्या तारखेला मेल, ह्या तारखेला आठवण, ह्या तारखेला वर्गशिक्षकांशी बोलणं, आणि आजपर्यंत पोचलं की नाही हे कळलेलं नाही' असा एक कागद ठेवलात की त्यांना बाजू घ्यायला जागाच राहत नाही. आणि शिक्षा मागू नका, तारीख मागा. ह्या दोन कामांचं उत्तर कधीपर्यंत मिळेल?

राग निघेल का, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय पण मला वाटतं तोच सगळ्यात मोठा आहे. खोटा दिलासा देत नाही. बहुतेक शिक्षक पालकांचा राग मुलावर काढत नाहीत, पण काढणारे असतात, आणि जास्त करून ते मार्कांत न दिसता वागण्यात दिसतं, वर्गात एखादा टोमणा, 'हिच्या घरी विचारून सांगा' वगैरे. त्याची शक्यता कमी करायची असेल तर पायऱ्या चुकवू नका, शिक्षकांना आधी स्वतः सांगून मगच वर जा ('उत्तर मिळालं नाही म्हणून मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे' असं सरळ), आणि ह्याच्या आधी-मागे एखादं चांगलं झालेलं असेल तर तेही कळवा. मस्का म्हणून नाही. शिक्षकांना पालकांचा मेल म्हणजे तक्रारच अशी इतकी सवय झालेली असते की नाव बघूनच पोटात गोळा येतो. आणि टोमणा खरंच आला तर तारीख-वार लिहून ठेवा आणि तो वेगळा विषय म्हणून न्या, मार्कांच्या विषयात मिसळू नका.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र हे सुरू करू नका. तिथे एका तासात 'ते सर तसेच आहेत' पासून 'त्यांना काढलं पाहिजे' पर्यंत प्रवास होतो, कुणीतरी स्क्रीनशॉट सरांना पाठवतो, आणि मग तुमचा साधा प्रश्न कायमचा मेला. पण इतरांनाही हाच त्रास आहे असं कळलं तर दोघं-तिघं मिळून मुख्याध्यापकांकडे एका शिक्षकाविषयी नाही तर पद्धतीविषयी बोला. अशा वेळी मागण्यासारख्या गोष्टी फार महाग नसतात. प्रत्येक मोठ्या कामावर देण्याच्या तारखेबरोबर परत मिळण्याची तारीखही लिहायची. 'मिसिंग', रिकामं आणि शून्य ह्यांचा अर्थ सगळ्या विषयांत एकच ठेवायचा. मेलला किती दिवसांत उत्तर येईल हे शाळेने जाहीर करायचं, आणि डायरी, मेल, अ‍ॅप, ग्रुप ह्यातला एकच रस्ता अधिकृत ठेवायचा, कारण चार रस्ते असले की प्रत्येक जण दुसऱ्या रस्त्यावर वाट बघत बसतो. परत मिळण्याची तारीख लिहायला लागली की शिक्षक आपोआप कमी आणि छोटी कामं देतात असंही मी पाहिलंय, आणि ते सगळ्यांच्याच भल्याचं आहे.

आणखी एक मागता येईल, जिथे शाळा ऐकून घेणारी असेल तिथे. क्राफ्ट आणि रॉजर्स ह्या अमेरिकन संशोधकांचा २०१५ चा एक अभ्यास आहे. विषय राहिलेल्या मुलांच्या उन्हाळी वर्गात शिक्षकांकडून प्रत्येक मुलाबद्दल आठवड्याला फक्त एक वाक्य घेऊन ते पालकांना पाठवलं. जिथे असं वाक्य गेलं नाही तिथे सुमारे १६ टक्के मुलं परत नापास झाली, जिथे गेलं तिथे ९ टक्क्यांच्या आसपास. आणि कौतुकाच्या वाक्यापेक्षा 'हे सुधारायला हवं' सांगणाऱ्या वाक्यांचा उपयोग जास्त दिसला. एक वाक्य! सगळ्या २०० मुलांसाठी दर आठवड्याला हे जमणार नाही, मलाही नाही जमत, पण डळमळीत असलेल्या आठ-दहा मुलांसाठी जमतं. तुमची मुलगी मागच्या टर्मला घसरली होती, तर वर्गशिक्षकांना एवढंच म्हणा की पंधरवड्यातून एकदा विज्ञानाबद्दल एक ओळ मिळाली तरी पुरे, मार्क नकोत. ही मागणी इतकी छोटी आहे की नाही म्हणणं अवघड जातं.

तुमच्यासाठी आत्ताचा क्रम असा ठेवा. आज मुलीच्या लॉगिनमधून दोन्ही असाइनमेंट उघडून बघा. अपलोड केलेल्याचा स्क्रीनशॉट घ्या, वहीतल्याचा फोटो, वही सरांकडेच असेल तर मुलीला ती विचारायला सांगा. उद्या ती स्वतः सरांना भेटेल, त्याच दिवशी तुमचा छोटा मेल जाईल. काम खरंच हरवलं असेल तर भांडत बसू नका, ते परत करून द्यायची तयारी दाखवा, दोन संध्याकाळी जातील पण शून्य जाईल. इथून पुढे वहीत द्यायचं प्रत्येक काम देण्याआधी फोटो काढायची सवय लावा. मुख्याध्यापकांचं चार-पाच दिवसांनी ठरवू.

फक्त एक गोष्ट थांबू शकत नाही. बहुतेक शाळांत एक तारीख असते जिच्यानंतर त्या टर्मचे मार्क लॉक होतात, मग शिक्षकांना स्वतःलाही बदलता येत नाहीत, वरून परवानगी काढावी लागते आणि ती काढायला कुणीच उत्सुक नसतं. ही तारीख टर्म संपण्याच्या बरीच आधी असू शकते आणि पालकांना ती कळवली जातेच असं नाही. ऑफिसमध्ये किंवा परीक्षा विभागात फोन करून ती उद्याच विचारून घ्या आणि वरच्या सगळ्या पायऱ्या त्या तारखेच्या आत बसतात का ते बघा, बसत नसतील तर आठवणीचा मेल सोडून सरळ वर्गशिक्षकांना भेटा.